पोपटाचा उष्टा पेरू

सुरेखा, कर्जतच्या स्टँडवर पूर्वा एसटीत चढायला तयार नव्हती, आठवतं? सहा वर्षांची घोडी, दोन्ही हातांनी दाराचा दांडा धरून किंचाळत होती. तू पोटुशी असूनही माझ्या पिशवीत भाकऱ्या कोंबत होतीस. आत्याबाई नातीकडं बघत, पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "कशाला नेती तिला परमुलखात? बोलंल की. घाई काय हाय?"

आम्ही भोसरीला आलो ते पूर्वाच्या बोलण्यासाठीच. इथं थेरपी मिळते, आठवड्याला तीन सेशन. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हाक मारली तर बघत नाही, हे कधी लक्षात आलं?" मी म्हटलं, दीड वर्षाची असताना. "मग इतकी वर्षं काय केलंत?" काय सांगू गं त्यांना? पेरू खाऊ घातले.

पोपटाचा उष्टा पेरू खाल्ला की मुकं पोर बोलतं म्हणतात ना! विहिरीवरच्या झाडाखाली मी रोज सकाळी पदर खोचून उभी राहायचे. चोच मारलेला पेरू पडला की धावायचे. तू तेव्हा धाकटी सून म्हणून आपल्या घरात यायची होतीस. एकदा पेरू खाता खाता पूर्वा चक्क म्हणाली, "आबा." नातीनं हाक मारली म्हणून आपल्या सासऱ्यांनी वाडीत साखर वाटली. मी तर घरोघर सांगत सुटले, गुण आला, गुण आला! तेव्हाच माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. तो शब्द पुन्हा कधी आला नाही. पण त्या एका शब्दाच्या भरवशावर आम्ही चार वर्षं झाडाखाली काढली.

आता ती आठ वर्षांची आहे. तिकडं शेळ्यांमागं दिवसभर हिंडायची, वाडीतलं कुणीही तिला घरी आणून सोडायचं. इथं मी नुसतं दुकानात जायचं म्हटलं तरी बाहेरून कुलूप लावते. संध्याकाळी पाच वाजले की ती चपला घालते, किटली उचलते आणि दाराशी उभी राहते. तिकडं ही आबांबरोबर डेअरीला दूध घालायला जायची वेळ. आबा वारले, हे तिला कसं समजावू? बराच वेळ वाट बघते, मग कपाळ दारावर आपटत राहते. थेरपीच्या मॅडम म्हणतात, फार अपेक्षा ठेवू नका. बाई भली आहे, खोटं बोलत नाही.

दिवाळीला तुझा शिवा पाहिला. दोन वर्षांचा होत आला. मी तीनदा हाक मारली, तो डब्याचं झाकण गरागरा फिरवत बसला होता. तुला बाजूला घेऊन म्हटलं, "माझ्यासारखं करू नको. नगरला दाखव, नाहीतर माझ्याकडं ये. एवढ्यात धरलं तर पुष्कळ फरक पडतो."

तू फटकन म्हणालीस, "ताई, तुमच्या पोरीवरनं माझ्या पोराला नावं ठिवू नगा. पूर्वाला पेरूनं गुण आल्ता, पुढं दृष्ट लागली. तुमीच सांगत हुता की!"

मीच सांगत होते. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

काल फोन केला तर आत्याबाईंनी उचलला. म्हणाल्या, "सुरेखा व्हय? हिरीवर गेलीया, शिवाला घिऊन. औंदा पेरू लई लागलाय."

तेव्हापासून घर म्हटलं की मला ते झाडच दिसतं. खाली तू पदर खोचून उभी आहेस. वर पोपटांचा नुसता कालवा चाललाय, आणि तुझ्या कडेवरचा शिवा एकदाही वर बघत नाही.