त्यांच्या पश्चात

दंगलीच्या बातमीत कुठल्याही समाजाचं नाव छापायचं नाही, 'दोन गट' लिहायचं, असा आमच्या धंद्यातला नियम आहे. नियम चांगलाच आहे. त्यानं किती घरं जळायची वाचली असतील, देव जाणे. पण ज्याचं माणूस गेलं त्याच्या दारात उभं राहून हा नियम समजावून कोणी सांगायचा? ते काम तालुक्याच्या वार्ताहराच्या गळ्यात पडतं. म्हणजे माझ्या.

गेल्या वर्षी मिरवणुकीतल्या गाण्यावरून आमच्या पेठेत दगडफेक झाली. गादीवाल्या चाचांचा मुलगा तेव्हा दुकानाचं शटर ओढत होता. दगड कानशिलावर बसला आणि अकोल्याला नेता नेता तो वाटेतच गेला. बापलेक मिळून कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. धाड गावच्या आठवडी बाजारातही त्यांचं दुकान लागायचं. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या त्यांच्याच हातच्या.

मी त्याचं नाव, धंदा, शटर ओढत होता, सगळं लिहून पाठवलं. सकाळी छापून आलं: 'दोन गटांत राडा, जमावातील एक इसम ठार.'

इसम! कोंबडीचोरालाही आम्ही नावानिशी छापतो. आणि शटर ओढणारा माणूस जमावात गेला कधी? जिल्हा कार्यालयात फोन करून मी तावातावानं भांडलो. उपसंपादक थंडपणे म्हणाला, "नाव छापलं की समाज कळतो. वातावरण तापेल."

वातावरण तापायचं काही बाकी नव्हतं, आणि समाज तर टपरीवरच्या प्रत्येकाला आधीच ठाऊक होता. पेपर वाचून तिथं एक जण म्हणाला, "मंग जमावात काऊन गेलता बे तो?" माझा तिळपापड झाला. त्याला खरं काय ते सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि पान उलटलं. छापलेल्यापुढे बोललेलं टिकत नाही.

काही दिवसांनी चाचा घरी आले. बसा बसा म्हटलं तरी दाराशीच उभे राहिले.

"भाऊ, तुमच्या पेपरात मेलेल्या मान्साचं येते ना खाली, फोटोसंग? मांगं कोन कोन हाय ते लिवते. तसं माह्या पोराचं छापून द्या न. नात लहान हाय अजून. उद्या मोठी झाली, शाळेत गेली, त बापाचं काय वाचीन ते? जमावातला इसम?"

निधनवार्ता हा आमच्या पेपरातला सगळ्यात सभ्य कोपरा. जन्मभर ज्याच्या नावानं गावानं बोटं मोडली, तोही तिथं गेला की 'मनमिळाऊ स्वभावाचे' होतो. मी लगेच बसलो आणि मन लावून लिहिलं. नाव लिहिलं. गाद्या भरण्याचा व्यवसाय लिहिला. दुकान बंद करताना दगड लागून मृत्यू झाला, हेही लिहिलं. 'त्यांच्या पश्चात आई-वडील, पत्नी व एक मुलगी असा परिवार आहे.' चाचांनी आणलेल्या लग्नातल्या फोटोतून त्याचा एकट्याचा चेहरा कापून घेतला. चाचा समोर उभेच होते. त्यांना म्हटलं, बघा, उद्या येतंय.

आलंही. फोटो स्वच्छ होता, नाव बरोबर होतं, 'त्यांच्या पश्चात' सगळे जागेवर होते. मी न लिहिलेलं 'मनमिळाऊ'ही कोणीतरी घातलं होतं. फक्त दगडाचं वाक्य नव्हतं. त्या जागी 'अल्पशा आजाराने निधन झाले' असं होतं. आमच्या त्या कोपऱ्यात बहुतेक सगळे अल्पशा आजारानंच मरतात. पान लावणाऱ्याचा हात सवयीनं तिकडे गेला, की तिथंही कोणाला वातावरणाची काळजी वाटली, कोण जाणे. या वेळी फोन करायचीही मला शिसारी आली.

अंक घेऊन दुकानात गेलो. पिंजायचं मशीन बंद होतं. चाचांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. मनात आलं, ते वाक्य गाळावं. पण नाही गाळलं. वाचून झाल्यावर मला त्यांच्याकडे बघवेना.

"चाचा, हे खोटं आहे. उद्या दुरुस्ती छापायला लावतो. नाही छापली तर त्यांची बातमीदारी त्यांना लखलाभ."

चाचांनी अंक माझ्या हातातून घेतला. फोटो वर येईल अशी त्याची घडी घातली.

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले. "नातीले हाच दाखवीन. याच्यात तरी तिच्या बापाले कोनी मारलं नाही."