नायकाच्या दारासमोरचा करंज

दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यात बरीच वर्षं एक गोष्ट आवाज खाली करून सांगितली जायची. मानीबाईच्या अंगणातल्या करंजाच्या बुडाशी म्हणे तांड्याच्या प्रमुखाचं, बाबूसिंग नायकाचं पागोटं पुरलेलं आहे. पागोटं जसजसं कुजेल तसतशी नायकाची नायकी मातीत जाईल, आणि जो त्या झाडाला कोयता लावेल त्याच्या घरात पाळणा हलणार नाही. आता पागोटं हरवलं ते बाबूसिंगच्या पोराच्या, भारतच्या लग्नात. आणि त्या दिवशी मानीबाई तिकडे साखर कारखान्याच्या मुलखात ऊस तोडत होती. पण अफवेची हजेरी कोण घेतो? हातपंपावर बायांच्या घागरी भरेपर्यंत काहीतरी लागतंच.

भांडणाचं मूळ मात्र खरं होतं. मानीबाईच्या दारात एक कडूनिंब होता, तिच्या नवऱ्यानं, देवीलालनं लावलेला. देवीलाल गेल्यावर बाई रोज दुपारी त्याच्याखाली बसून काचोळीला, म्हणजे चोळीला, आरसे टाचायची. त्या वर्षी चार महिन्यांची तोड आटोपून ती परतली, डोक्यावरचं गठुडं उतरवायला म्हणून सावली शोधली, तर दारात नुसतं लख्ख ऊन. निंबाच्या जागी हातभर खुंट, आणि खुंटावर एक कोंबडी बसलेली.

शेजारणीनं, मथुराबाईनं, गठुडं खाली ठेवायच्या आत सगळं सांगून टाकलं. बाबूसिंग हा मानीबाईचा चुलत दीर, तिला भोजाई म्हणजे वहिनी म्हणायचा. पोराच्या लग्नाला त्याचं जळतण कमी पडलं आणि त्यानं निंब पाडला. वऱ्हाडाचं सगळं मटण त्यावर शिजलं.

तांड्यात तक्रार न्यायची कुठं? नायकाच्या दारात. पंच बसतात नायकाच्या ओट्यावर, आणि नायक कोण? तर बाबूसिंगच. तरी बाई गेली.

"भोजाई," बाबूसिंग मिशीवर हात फिरवत म्हणाला, "तुले फोन लावलता मी. लागलाच नाई."

"म्हून माह्या झाडाले कुऱ्हाड लावली काय?"

"आता झालं ते झालं. साऱ्या तांड्यानं खाल्लं त्याच्यावर शिजलेलं. सांग, कोणाच्या पोटातून काढून देऊ तुहा निंब?"

पंच हसले. म्हातारा नेमसिंग तर ठसका लागेपर्यंत हसला. त्यानं लग्नात तीनदा वाढून घेतलं होतं. मानीबाई हसली नाही, रडलीही नाही. ती त्या ओट्याकडे बघत राहिली. मधोमध बाबूसिंग, दोन्ही बाजूंना पंच, समोर निवाड्याला आलेली माणसं. तिच्या ध्यानात आलं की या माणसाचा जीव शेतात नाही, पोरात नाही, या भरलेल्या ओट्यात आहे. ओटा रिकामा झाला तर उरेल तो गुडघेदुखीचा एक म्हातारा. हा ओटाच आपण रिकामा करायचा, असं तिनं तिथंच ठरवलं आणि नायकाला रामराम घालून घरी आली. बाबूसिंगला वाटलं, मिटलं.

तिनं निंब पुन्हा लावला नाही. करंज लावला. नाल्याकाठच्या करंजाखालून चपट्या शेंगा वेचून आणल्या, फोडून बिया रातभर भिजवल्या. करंज मोठा धूर्त. उन्हाळा तोंडावर आला की पानं टाकतो आणि ऊन खरं तापायच्या आत पोपटी पालवून गच्च होतो. वैशाखात त्याच्याखाली ऊन गाळूनसुद्धा पडत नाही. खड्डा जुन्या खुंटापाशी खणला नाही. आपल्या अंगणाच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला, नायकाच्या ओट्याच्या बरोबर समोर, पंधरा पावलांवर खणला. तीन बिया टाकल्या, तिन्ही उगवल्या, दोन उपटून सर्वांत दांडगं रोप ठेवलं.

मग जी निगा सुरू झाली, तशी कोणी पोराची केली नसेल. बुडाशी भोक पाडलेलं मडकं पुरून त्यात चिंधीची वात घातली, म्हणजे थेंब थेंब पाणी मुळाला लागतं. भोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण. तोडीला जाताना मथुराबाईला पाणी घालायची शपथ घातली. खालचे फुटवे ती वेळच्या वेळी खुडायची, कारण तिला झुडूप नको होतं. माणूस ताठ उभा राहील एवढं उंच खोड हवं होतं. आणि रोज सकाळी मडकं भरताना म्हणायची, "वाढ रे मुडद्या, वाढ. त्याच्या ओट्यावर कुत्रं नाई बसलं पाह्यजे."

बाबूसिंगला गंमत वाटायची. "काहून भोजाई, माह्या बकऱ्याइले चारा लावून राह्यली काय?" म्हणत एक दिवस त्यानं खरंच बकऱ्या सोडल्या. बकऱ्यांनी कुंपण वाकवलं, पानं हुंगली आणि तोंडं फिरवली. करंजाचा पाला कडू.

"बकऱ्याइले समजते," मानीबाई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "धन्याले नाई समजत."

पाचव्या वर्षी झाड तिच्या छपराच्या वर गेलं तेव्हा बाबूसिंगचं हसू आटलं. त्यानं ओट्यावर टिनाचं शेड घातलं, पंखा लावला. आणि एका सकाळी भारत कोयता घेऊन आला.

"काकी, फांद्या विजेच्या तारेले लागून राह्यल्या."

"तार तं रस्त्याच्या तिकडून गेली, बापू. डोळे तपासून घे."

भारतनं कोयता उचलला खरा, पण पागोट्याची गोष्ट त्याच्या आधी तांडाभर फिरून आली होती. त्याची बायको संगीता दारात उभी होती, सातवा महिना लागलेली. "त्या झाडाले हात लावसान," ती तिथूनच ओरडली, "तं मी आत्ता माहेरी चालली!" भारतनं रिकाम्या हातानं परतायला नको म्हणून वाटेतली एक बाभूळ छाटली.

त्यानंतर झाड आणखी पसरलं, आणि आजपासून दोन वर्षांपूर्वीचा वैशाख आला. एका सोयरिकीचा तंटा मिटवायला पंच नायकाकडे जमले. वर टिन तापलेलं, पंख्याला वीज नाही, शेडात भाकरी भाजावी अशी धग. नेमसिंगनं दोनदा तोंड पुसलं, तिसऱ्यांदा उठलाच. "नायक, माह्यं डोस्कं फिरून राह्यलं," म्हणाला आणि पंधरा पावलं चालून करंजाखाली टेकला. त्याच्या मागं दुसरा पंच गेला, तिसरा गेला, मग तंट्याची दोन्ही घरं गेली.

मानीबाई बादली आणि लोटा घेऊन उभीच होती. "बसा. पण अगोदर झाडाले एक एक लोटा पाणी टाका. फुकट सावली नाई इथं."

सगळ्यांनी टाकलं. बाबूसिंग टिनाखाली एकटा उरला. तिथून ओरडून एक-दोन सवाल केले, पण रस्त्यापलीकडून निवाडा होतो थोडाच! शेवटी उपरणं डोक्यावर घेऊन तो आला.

"भोजाई, बसू का?"

तिनं त्याच्या हातात लोटा दिला. त्यानं टाकला आणि बसायला वाकला.

"अजून."

"सगळ्याइनं तं एकच टाकला ना?"

"त्याइले एक. तू मी थांब म्हणीन तवरोक."

हातपंपापर्यंत त्याच्या तीन खेपा झाल्या. धोतर ओलं, गुडघे धरलेले. नेमसिंग म्हणाला, "बाई, झालं आता," तर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. मग ती म्हणाली, "बस," आणि सावलीच्या अगदी काठावरची जागा दाखवली, जिथं घटकाभरात ऊन येतं.

तेव्हापासून तांड्याचा निवाडा करंजाखाली होतो. नायकाच्या ओट्यावर उन्हाळ्यात मिरच्या वाळतात. मथुराबाईनं एकदा धीर करून म्हटलं, "आता सोड ना वं त्याले." मानीबाई म्हणाली, "कायले? झाड अजून वाढूनच राह्यलं."

करंजाखाली पागोटं नाही. खड्ड्यात दोन टोपल्या शेणखत घातलं होतं, दुसरं काही नाही. पागोट्याची गोष्ट भारत कोयता घेऊन येणार हे कळल्यावर मानीबाईनंच हातपंपावर मथुराबाईला सांगितली होती.