विरलेली जागा

शेजारच्या सुमनवहिनी पडवीत बसून नवऱ्याच्या जुन्या जॅकेटवर मेण घासत होत्या. घाटात कुणी दरीत घसरलं की शोधायला उतरणाऱ्यांत त्यांचे यजमान, आमचे भाऊ, असतातच. वहिनींनी जॅकेटवर फडकं टाकून कोमट इस्त्री फिरवली, तसं मेण कापडात जिरलं. मग त्यांनी तांब्यातलं पाणी ओतून बघितलं. अळवाच्या पानावरून ओघळावेत तसे थेंब घरंगळून गेले. उजव्या खांद्यावर मात्र पाणी थांबलं आणि हळूहळू काळपट डाग पसरला. दोर घासून घासून तिथलं कापड विरलं होतं.

"इथं काही धरतच नाही," त्या म्हणाल्या.

"राहू दे गं. खांदा भिजला तर काय होतंय?" आतून भाऊ म्हणाले.

वहिनी पुन्हा तिथंच मेण घासू लागल्या. मला वाटलं, आपल्या माणसांना आपण किती झाकून जपतो, आणि संकटाला नेमकी विरलेली जागा सापडते. समोरची दरी धुक्यानं भरत चालली होती.

तेवढ्यात फोन वाजला. धबधब्यापाशी दोन पोरं सापडत नव्हती. भाऊंनी वहिनींच्या हातातून जॅकेट घेतलं आणि ते अंगावर चढवतच ते उतरणीला लागले.

"निदान वाळू तरी द्यायचं होतं," वहिनी स्वतःशीच म्हणाल्या.

बराच वेळ खालून भाऊंच्या हाका ऐकू येत होत्या. वहिनी प्रत्येक हाकेला मान हलवत होत्या, जणू ती हाक त्यांनाच मारलेली होती. मग हाका थांबल्या, आणि त्यांची मान तशीच वर राहिली.