ठकूचं ऐकण्याचं काम

शेजारच्या बायकांना ठकू नक्की काय काम करते ते कधीच कळलं नाही. दिवसभर दार लावून बसते, हळू आवाजात बोलते, म्हणजे काहीतरी फोनवरचं असणार, असं त्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं. ठकू हे काही तिचं खरं नाव नव्हतं. वडलांनी लहानपणी लाडानं ठेवलेलं. आता ती पन्नाशीला टेकली तरी त्या नावानं हाक मारणारे तेवढे एकच उरले होते.

ठकू कौन्सेलर होती. आधी बरीच वर्षं तिनं सरकारी दवाखान्यात काढली. मानसोपचार विभागाबाहेर एक लांबलचक बाकडं, त्यावर दाटीवाटीनं बसलेली माणसं आणि आत तिचं डुगडुगणारं टेबल. कुणी रडायला लागलं की ती पाण्याचा पेला पुढे सरकवायची. दुपारी वॉर्डातल्या सिस्टरबरोबर डबा खायची. पेशंटबद्दल अवाक्षर न काढताही दोघी पोट धरून हसायच्या.

मग एक नवी कंपनी आली. "आता माणसानं दवाखान्यात यायचं नाही, दवाखान्यानंच माणसाच्या खिशात जायचं," असं तिथल्या साहेबांनी तिला समजावलं. मोठी मोठी ऑफिसं आपल्या नोकरमाणसांसाठी कौन्सेलिंग घाऊक विकत घ्यायला लागली होती. काळजी, झोप, नवराबायकोची भांडणं, सगळ्याची सोय घरबसल्या. कित्येक वर्षांच्या आजारानंतर आई नुकतीच गेली होती आणि बाबा ठकूकडे राहायला आले होते. ठकूचा संसार तर केव्हाच मोडलेला. बाबांकडे बघायला घरी कुणीतरी हवं म्हणून तिनं दवाखाना सोडला.

मागच्या खोलीचं ऑफिस झालं. कॅमेऱ्यात दिसेल तेवढीच भिंत फिकट निळी रंगवली, पुढे स्टुलावर एक कुंडी ठेवली. कॅमेऱ्याच्या पाठीमागे मात्र गाद्यांचा ढीग आणि दोरीवरचे कपडे होते तसेच राहिले. पडद्यावर माणसं यायची, दुखणं सांगायची. प्रत्येकाला सहा भेटी. ऑफिसनं तेवढ्याच घेतलेल्या. पाचव्या-सहाव्या भेटीत कुठे माणूस मोकळा व्हायला लागला की संपलं. तो आभार मानायचा, पाचातले चार नाहीतर पाच तारे द्यायचा आणि पडदा काळा व्हायचा. त्याची बायको परत आली का, त्याला झोप लागते का, हे पुन्हा विचारायची सोय नव्हती. अशी कितीतरी अर्धवट माणसं ठकूच्या मनात बिऱ्हाड करून राहिली होती.

बाबा जन्मभर लेथवर काम केलेले. कारखान्याच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय. लेकीच्या घरात ते पाय न वाजवता चालायला शिकले. टीव्ही मुका करून बघायचे. शिंकसुद्धा गिळायचे. ठकू खोलीबाहेर यायची तेव्हा तिच्याजवळचे शब्द संपलेले असायचे. "जेवलात?" "गोळी घेतलीत?" एवढ्यावर संध्याकाळ उरकायची.

एकदा ते हसत म्हणाले होते, "दाराआडून तुझा आवाज येतो ना, तेव्हा वाटतं, कोण गं ही एवढी गोड बाई? बाहेर येते ती दुसरीच कुणीतरी."

ठकूनं ते हसण्यावारी नेलं.

एका दुपारी कुणाचं तरी सेशन रद्द झालं. पाणी प्यायला ती बाहेर आली, तर बाबा गॅलरीत पाठमोरे बसून फोनवर बोलत होते.

"ती आजारी होती तेव्हा मी ओव्हरटाइम घ्यायचो. लोकांना वाटायचं, औषधपाण्यासाठी घेतोय. तसं नव्हतं. मला घरी जायची भीती वाटायची. तिचं कण्हणं ऐकवत नव्हतं. त्यापेक्षा मशीनचा आवाज बरा."

फोनच्या स्पीकरवरून एका बाईचा शांत आवाज आला, "इतकी वर्षं हे एकट्यानं सांभाळणं फार जड गेलं असेल."

ठकू दाराशीच थांबली. हे बाबांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. आणि ते वाक्य तर तिच्या तोंडचं, कंपनीच्या प्रशिक्षणात सगळ्यांनी घोटलेलं. पण आवाज माणसाचा नव्हता. कंपनीनं नुकतंच बोलणारं यंत्र काढलं होतं आणि आपल्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना ते फुकट दिलं होतं. तिनंच बाबांच्या फोनवर ते घालून दिलं होतं आणि विसरून गेली होती.

बाबा वळले, तर ही समोर उभी.

"बाबा, ते यंत्र आहे. माहीत आहे ना तुम्हाला?"

"अगं, जन्म गेला माझा यंत्रापाशी. मला ओळखू येणार नाही होय?"

"मग माझ्याशी का नाही बोललात? माझं कामच आहे ते."

"म्हणूनच नाही बोललो," बाबा म्हणाले. "दिवसभर लोकांचं ऐकून तुझं तोंड एवढंसं झालेलं असतं. त्यात माझं कुठे कोंबू?" मग फोनकडे बघत ते हळूच म्हणाले, "आणि ती तुझी आई होती, ठके. तुझ्यासमोर कसं बोलणार?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं स्वतःलाच म्हणत ठकू खोलीत गेली आणि पुढच्या माणसासाठी हसरा चेहरा करून बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं संध्याकाळची वेळ मोकळी ठेवली. बाबांसमोर खुर्ची ओढून विचारलं, "कसं वाटतंय तुम्हाला हल्ली?"

बाबा पंख्याकडे बघत राहिले. "तू असं विचारलंस की मला तपासायला आणल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. "राहू दे. चहा टाकतेस?"

त्यानंतर तिनं विचारलं नाही. बाबा गॅलरीत गेले की ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची, म्हणजे कानावर पडू नये.

पुढे कंपनीनं पहिल्या तीन भेटी यंत्राकडेच सोपवल्या. ठकूकडे येणारी माणसं निम्म्यावर आली. निळ्या भिंतीसमोर ती रिकामी बसून राहायची. आणि एक दिवस घरच्यांची फुकट सोयही बंद झाली; त्यातून कंपनीच्या हाती काही लागत नव्हतं. ठकूला हे बाबांकडूनच कळलं. ते गॅलरीत फोन उलटासुलटा करत बसले होते.

"बंद झालं वाटतं ते," ते म्हणाले.

"मी साहेबांशी बोलून बघू?"

"नको. आवाजच होता नुसता." पण फोन त्यांनी खाली ठेवला नाही.

ठकू त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. काय विचारावं ते तिला कळेना. मग तिनं विचारलंच नाही. स्वतःचंच सांगायला लागली. दवाखान्यातलं बाकडं कसं आठवतं, सिस्टरला फोन करायचा म्हणते आणि करत नाही, सहा भेटींनंतर गेलेल्या माणसांना ती मनातल्या मनात कशी हाका मारते. "बाबा, मला या घरात फार एकटं वाटतं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं शेकडो जणांकडून ऐकलं होतं. स्वतः कधी उच्चारलं नव्हतं.

"हं," बाबा म्हणाले.

ती बोलत राहिली. आईच्या शेवटच्या दिवसांत तीसुद्धा दवाखान्यात मुद्दाम उशिरापर्यंत थांबायची, इथवर ती आली तेव्हा बाबांची मान कलली होती. त्यांना डुलकी लागली होती. त्यांनी कुठपर्यंत ऐकलं कोण जाणे. ठकूनं वाक्य पुरं केलं, त्यांच्या हातातून घसरणारा फोन काढून बाजूला ठेवला आणि उठली. सातची वेळ कुणीतरी घेतली होती. नवं माणूस होतं, यंत्राच्या तीन भेटी झालेलं; ठकूशी त्याची ही पहिलीच भेट.