एका फोनमधला पाडा

पान बदललं की माणूस जातो कुठे, हे शितलला कळेना.

ही वेवजी गावातल्या पाड्यावरची मुलगी, डहाणूला शिकून बी.एस्सी. झालेली. २०१७ साली बोर्डीच्या एका संस्थेला मोतीबिंदूच्या शिबिराची नोंदणी वेबसाइटवर घ्यायचं खूळ लागलं आणि काम हिच्या गळ्यात पडलं. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर डोळ्याची तक्रार. पण दुसरं पान उघडलं की नाव गायब. "आत्ता तर भरलं होतं," ती स्क्रीनला म्हणे. स्क्रीन काय बोलणार, कप्पाळ?

डोकं पिकल्यावर तोड निघाली. माणसाची माहिती गाठोडं बांधून फोनमध्येच ठेवायची, पुढच्या पानाने उचलायची. वर नाव पुन्हा भरायचा त्रास नको म्हणून, गाठोडं असेल तर पहिलं पान गाळायचं. संस्थेतल्यांनी आपापल्या फोनवर पाहिलं. झकास चाललं.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी संस्थेतून वसुमतीबाईंचा फोन आला. "अगं, तुमच्या पाड्यावरून चार नावं आली, चारही एकच, 'सुक्या'. नवशी कुठे आहे?"

नवशी म्हणजे शितलची आत्या. तिला समोरचं माणूस ओळखू येईना, तिचा नंबर लागावा म्हणून तर हा खटाटोप. शितल बस पकडून घरी आली. पाड्यावर वेबसाइट उघडणारा फोन एकच, शेजारच्या झिपरूचा. सगळ्यांचं त्यानेच भरलं होतं.

"नाव का नाही टाकलंस?"

"विचारलंच नाही त्याने. एकदा सुक्याकाकाचं विचारलं, मग थेट डोळाच. मला वाटलं, तुझ्या मशिनला पाडा माहीत आहे."

"मग मी कोण झाले?" नवशीने विचारलं.

"सुक्याकाका."

"आता मिशीच फुटायची राहिली."

शितल ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली. इतके दिवस राखायची खटपट केली, ते आता पुसायचं? डोकं चालेना. शेवटी तेच केलं: 'पाठवा' दाबलं की गाठोडं रिकामं. झिपरूच्या फोनमधलं जुनं गाठोडंही स्वतः पुसलं. नाव विचारलं गेलं. नवशी भरली, पाठवली.

"म्हणजे मला काढलंस?" ओट्याशी उभे असलेले सुक्याकाका बिथरले.

"फोनमधून काढलं, काका. संस्थेत आहात."

बोलली खरी, पण तिचं तिलाच खात्रीने सांगता येईना. तिने वसुमतीबाईंना फोन लावला.

"नवशी आली," त्या म्हणाल्या. "आणि या चार सुक्यांतला खरा कुठला?"

"पहिला," शितल म्हणाली. "बाकीच्या तिघांचं पुन्हा पाठवते. नवशीचं आलंय, तिला त्यात धरू नका."

"मग तिघं कसे? दोघंच ना?"

शितल बोटांवर मोजत बसली.