पडद्यावरचे हिरवे पट्टे

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. त्यामुळे असं लिहायला बसणं आगाऊपणाचं वाटतं. माफ करा.

कराडच्या कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा दिवस होता. बाहेरचे परीक्षक आलेले. मी माझ्या जुन्या लॅपटॉपचं झाकण उघडलं, तर पडद्यावर नुसते हिरवे पट्टे.

"कुरण उगवलंय गड्या! सोड तुझी मेंढरं!" विराज ओरडला.

विराज फलटणचा, साखर कारखान्याच्या संचालकाचा मुलगा. मी आटपाडीकडचा, मेंढपाळाचा. सगळे हसले. सरही हसले. माझा प्रोजेक्ट मग विराजच्या लॅपटॉपवर चालला. झकास चालला. मी जळलो. त्या लॅपटॉपवर जळलो, त्याच्या इंग्रजीवर जळलो. चुकला तरी तो हसू शकतो, यावर सगळ्यात जास्त.

लॅपटॉप बिघडला नव्हता. मी वापरतो ती ऑपरेटिंग सिस्टिम सर्वांसाठी खुली आहे. कोड कुणीही वाचावा, दुरुस्ती पाठवावी. चूक तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, पडदा चालवणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये होती. पडदा जागा होण्याआधीच ड्रायव्हर चित्र पाठवत होता. मी त्याला क्षणभर थांबायला लावलं. पट्टे गेले.

विराजला हे कळलं. कॅन्टीनमध्ये त्याने खांद्यावर हात टाकला.

"तुझं इंग्लिश कच्चं हाय. दुरुस्ती मी पाठवतो, माझ्या नावानं. तपासणारा म्हणून तुझं नाव टाकू की खाली."

कर्नलवाल्यांची रीत अशी की, ज्यानं दुरुस्ती लिहिली त्यानं खाली स्वतःचं नाव घालून जबाबदारी घ्यायची. तपासणारा वेगळा. माझी मान होकारात हलणारच होती, पण तोंडातून निघालं,

"न्हाई. लिवलंय मी. नाव बी माझंच."

"आरं, तुला कोण इचारतंय तिथं?"

"बघू की."

मोडक्या इंग्रजीत कर्नल सांभाळणाऱ्यांना मेल पाठवली. वाट बघत राहिलो. मधेच विराजची एक दुरुस्ती स्वीकारली गेली. एक बिनकामाची ओळ खोडली होती, बस्स. त्यानं वर्गात पेढे वाटले. माझा पेढा मी शेजारच्याला देऊन टाकला.

शेवटी मला उत्तर आलं. दुरुस्ती नाकारली. 'थांबवल्यानं दोष झाकला जातो. पडदा उशिरा का जागा होतो, ते शोधा.'

त्यांचं बरोबर आहे. मी शोधतोय. हेवा अजून तसाच आहे, असू दे. दुसरी नाकारली तर तिसरी पाठवीन. प्रत्येकीखाली माझं पूर्ण नाव असेल, वडिलांच्या नावासकट.