कापसाच्या खोलीला दिलेला गुलाबी रंग

या खोलीबद्दल मी पुष्कळ जणींना पुष्कळ काही सांगितलं आहे. रंग कोणता, पडद्याचं कापड कुठलं, पलंगाची ती गुबगुबीत पाठ घरी कशी केली — कॉलेजातल्या मुली विचारतात आणि मी सांगते. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही. आणि ज्या दोघांना सांगायला हवी होती, त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल. बघते.

खोलीपासूनच सुरुवात करते. तिच्याबद्दल बोलायची मला सवय आहे.

आमचं घर म्हसावदला. मधली खोली कापसाची. वेचणी झाली की कापूस त्या खोलीत रचायचा, तो विकला जाईपर्यंत आम्ही सगळे पुढच्या खोलीत दाटीवाटीने झोपायचो. लहानपणी मी आणि माझी थोरली बहीण वैशूताई त्या ढिगात उड्या मारायचो आणि अंगभर खाज घेऊन बाहेर यायचो. खोलीच्या छताला, लाकडी सऱ्याला म्हणजे तुळईला, दोन लोखंडी कड्या आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या कड्यांना झोका बांधायचा. आमच्याकडे आखाजी हा लेकींचा सण. सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी येणार, झोक्यावर बसणार, गाणी म्हणणार. पण ती आपली आपण येत नाही. बाप किंवा भाऊ तिला घ्यायला जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात आला की सासरचेही अडवत नाहीत. तो आला नाही, तर लेक पिशवी उचलून एकटी निघत नाही — तसं निघणं म्हणजे भांडून निघणं, आणि मग गावभर चर्चा.

हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढचं त्यावरच अडून आहे.

वैशूताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दहावीनंतर तिची शाळा सुटली, पुढे लग्न झालं, खापर गावाला दिली. आम्हाला भाऊ नाही. मी शिकत राहिले. शहाद्याच्या कॉलेजात मी गेले तेव्हा आप्पांनी, माझ्या वडिलांनी, गल्लीत पेढे वाटले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

कॉलेजात ऋतुजा नावाची मैत्रीण भेटली. एकदा तिच्या घरी गेले, तिची खोली पाहिली. पांढरा पलंग, वर छतापासून सोडलेली जाळी, गोल आरसा, आरशाभोवती बारीक दिव्यांची माळ, भिंतीला इतका फिका गुलाबी रंग की हात लावायला भीती वाटावी. मी त्या खोलीच्या कडेला बसले, पलंगावर बसलेच नाही. घरी परत येताना एसटीत तिला फोनवर म्हणाले, माझीपण खोली अशीच आहे — थोडी वेगळी, पण अशीच.

का म्हणाले? कुणी विचारलं होतं?

नंतर ती म्हणाली, मग परीक्षा संपली की मी आणि वर्गातली आणखी एक, आम्ही दोघी तुझ्याकडे येतो, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी. मी हो म्हणाले.

त्या वर्षी कापूस लवकर विकला गेला. खोली रिकामी झाली आणि मी ती मागितली. आप्पांनी झाडू घेऊन स्वतः कोपरे झाडले. पंधरा दिवस मी मोबाइलवर व्हिडिओ बघून काम केलं. जुनी लोखंडी खाट पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवली. प्लायवूडच्या तुकड्यावर फोम ठेवून त्यावर वेलवेट ताणलं, मागून खिळे ठोकले. ती झाली पलंगाची पाठ. मंडपवाल्याकडून उरलेलं पांढरं जाळीचं कापड आणलं. आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाला झालर लावून त्याचं ड्रेसिंग टेबल केलं. आई म्हणायची, "डोकं फिरी गयं इन्हं." शेजारच्या सुमनकाकू रोज दारातून डोकावायच्या. "काय वं जागू, घरजवाई आनी ऱ्हायनी का काय?" मी हसायचे. मला आवडायचं ते. कुणीतरी बघतंय, हे आवडायचं.

भिंतीला कापसाचे बारीक तंतू चिकटलेले होते. कितीही घासले तरी पूर्ण निघाले नाहीत. रंगाखाली अजून आहेत. उजेड तिरका आला की दिसतात.

रंगाचा पहिला हात देत होते त्या दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी. ताई बोलत होती, शेजारणीच्या फोनवरून. तिचा फोन भाऊजींनी काढून घेतला होता, हे मला तेव्हाच कळलं. आवाज अगदी हळू.

"जागू, आप्पाले सांग, यंदा मुऱ्हाळी लवकर ये म्हना. सोमवारेच ये. मी गुड्डीले लई येसू. मले आते आठे नही ऱ्हावानं."

गुड्डी तिची मुलगी, तेव्हा तीन वर्षांची. तिला घेऊन येते, आता मला इथे राहायचं नाही, असं ताई म्हणत होती.

मी काय झालं ते विचारलं. ती म्हणाली, आल्यावर सांगीन. आईला सांगू नकोस, ती मोठ्याने रडेल, गल्ली गोळा होईल. फक्त आप्पांना विचार. उद्या याच वेळी फोन करते.

तुम्हाला वाटेल, तिने आप्पांनाच फोन का केला नाही? आमच्याकडे लेक असं बापाला थेट सांगत नाही. नवऱ्याचं, घरातलं — हे मध्ये कुणाला तरी ठेवूनच सांगायचं असतं. ती मी होते.

मला काही माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण संक्रांतीला ती आली होती तेव्हा बांगड्या भरताना तिच्या मनगटाच्या वर मी डाग पाहिला होता. काळानिळा, चार बोटांचा. तिने पदर ओढला. मी बांगड्यांकडे बघितलं. तेव्हा मला कळलं होतं.

फोन ठेवल्यावर मी पुन्हा स्टुलावर चढले. मनात पहिला विचार कोणता आला, तो सांगते. ताई आली की ती या खोलीत राहणार. महिनाभर, कदाचित कायमची. गुड्डी रात्री अंथरूण ओलं करते. नवीन क्रीम रंगाची चादर, ती जाळी, ते वेलवेट. आणि ऋतुजा येणार तेव्हा पलंगावर ताईची पिशवी, दोरीवर लेकराचे कपडे, आणि ताई स्वतः — तोंड सुजलेली असली तर?

हा विचार एका क्षणाचा होता असं मी स्वतःला कितीदा सांगून पाहिलं. क्षणाचा नव्हता. भिंत संपेपर्यंत होता.

संध्याकाळी आप्पा शेतातून आले. पपईवर काहीतरी रोग पडला होता, त्याबद्दल बोलत होते. मी ताट वाढलं. सांगायचं होतं. जेवण झाल्यावर सांगू म्हटलं. जेवण झालं, ते खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत, रंग ओला होता ना. म्हणाले, "भारी दिखस बेटा." एवढंच. मी म्हटलं, उद्या सकाळी सांगू. सकाळी ते लवकर निघून गेले. मी ठरवून लपवलं असं त्या वेळी मला वाटलंही नाही. मी फक्त पुढे ढकलत होते.

दुपारी फोन आला.

"आप्पा काय म्हनना?"

आता इथे थांबावंसं वाटतं. पण मग हे लिहायला घेतलंच कशाला?

मी म्हणाले, मी विचारलं. आप्पा म्हणाले, यंदा राहू दे. लेकराकडे बघून तिथंच सांभाळून घे.

हे वाक्य मी कुठून आणलं? मला ते बनवावंही लागलं नाही. गावात कितीतरी बाप लेकींना हेच सांगताना ऐकलं होतं, ते तोंडात तयारच होतं. माझा बाप कधी असं बोलला नव्हता. ताईच्या लग्नात पाठवणीच्या वेळी त्यांनी भाऊजींचे हात धरून सांगितलं होतं, पोर जड झाली तर तिथे त्रास देऊ नका, मला कळवा, मी घेऊन जाईन. ताईने ते ऐकलं होतं. म्हणूनच तर तिने विचारलं.

फोनवर तिच्या मागे कुठेतरी भांडी वाजत होती. मग म्हणाली, "बरं." आणि नंतर, जणू काही झालंच नाही अशा आवाजात — "तुन्ही खोली व्हयनी का? रंग कोन्ता लावा?"

मी म्हणाले, गुलाबी. फिका.

"चांगला दिखी," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

एक खोटं सांगितलं की दुसरं लागतंच. आईला आणि आप्पांना मी सांगितलं, ताईचा फोन आला होता, तिच्या सासूला बरं नाही, यंदा आखाजीला येणार नाही, मुऱ्हाळी पाठवू नका म्हणाली. आप्पांना पटेना. त्यांनी भाऊजींना फोन लावला. भाऊजींना ते सोयीचंच होतं. हो, यंदा राहू द्या, म्हणाले. आप्पांनी तिच्यासाठी आणलेलं लुगड्याचं पुडकं कपाटावर ठेवून दिलं. आई चुलीपाशी पुरणाच्या पोळ्या करताना एकटीच बडबडत होती, "पोर उनी नही तं कसानी आखाजी?" त्या वर्षी झोका बांधला नाही. कड्यांना माझी जाळी होती.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणी आल्या. अय्या, किती गोड, म्हणाल्या. आरशापुढे फोटो काढले, जाळी बाजूला सारून फोटो काढले. दहा मिनिटं झाली असतील. मग म्हणाल्या, खूप उकडतंय गं, आणि तिघी बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसलो. आईने पन्हं दिलं. त्या पुन्हा खोलीत गेल्या नाहीत.

त्या दहा मिनिटांसाठी, असं लिहायचा मोह होतो. पण तेही खरं नाही. कुणी येणार नसतं तरी मी कदाचित तेच केलं असतं. मला खोली हवी होती. एकटीला.

आखाजीनंतर आठवड्याभराने खापरहून निरोप आला. ताई मोरीत पाय घसरून पडली, डावा हात मोडला. आई-आप्पा धावत गेले. हात गावातल्याच कुणाकडून बांधून घेतला होता. आप्पांनी दवाखान्यात नेतो म्हटलं, तर ताईनेच नको म्हटलं. आप्पांकडे न बघता म्हटलं, असं आई सांगते. आई परत आली ती रडतच. म्हणाली, मोरीत पडलं तर कोपर असं मोडतं का? आप्पा ओसरीवर बसून राहिले. मी खोलीत होते.

तो हात आता सरळ होत नाही. कोपरात वाकलेलाच राहतो. ताई एका हाताने वेणी घालायला शिकली आहे, गुड्डीची आणि स्वतःची.

त्या हंगामात आप्पांनी कापूस माझ्या खोलीत रचलाच नाही, वेचला तसा विकला. दिवाळीला आप्पा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. ती आली, पण आप्पांशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, विचारलं तर हो-नाही. पूर्वी ती त्यांच्या पाठीमागे शेतापर्यंत बडबडत जायची. निजायची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, ताई, तू पलंगावर झोप. तिने खोलीभर नजर फिरवली. जाळीला हात लावला, वेलवेटला लावला. "भलती भारी करी तू," म्हणाली. मग खाली चटई टाकली, गुड्डीला कुशीत घेतलं. "नको वं. चादर खराब व्हई तुन्ही."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी पलंगावर झोपले. हो, झोपले. झोपही लागली.

आता आखाजी पुन्हा जवळ आली आहे. परवा आप्पा ओसरीवर बसले होते. त्यांनी ताईला निरोप पाठवला होता, यंदा मी मुऱ्हाळी येतो. तिचा उलट निरोप आला, तसदी घेऊ नका. आप्पांनी मला जवळ बोलावलं. मी शिकलेली, म्हणून मला समजत असेल असं त्यांना वाटतं.

"जागू, मन्ह काय चुकनं? पोर मन्हासंगे बोलत काबर नही?"

त्यांच्या बोटांत गवताची काडी होती, ती ते मोडत होते. मी समोर उभी होते. एका वाक्याचं काम होतं. जेवढं लांब ते खोटं होतं, तेवढंच लांब.

मी म्हणाले, संसारात असतं तसं आप्पा, होईल नीट.

त्यांनी मान हलवली. मी खोलीत आले. दुपारचा उजेड तिरका येत होता, भिंतीवर रंगाखालचे कापसाचे तंतू दिसत होते. मी पडदा ओढून घेतला.